हातची विद्या : बांधकामातील उमेदवारीची परंपरा व तिचे लाभ

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात. ते योग्यच आहे, कारण दात्यांच्या औदार्याशिवाय असे कार्य तडीस जात नाही. तथापि ज्यांनी पाया खणला, ज्यांनी ओळंबा लावून भिंत उभी केली, ज्यांनी परांचीवर उभे राहून शिखराचा गिलावा केला, त्यांची नावे पाटीवर सहसा आढळत नाहीत. शेकडो वर्षांच्या जुन्या देवळांवरही ती क्वचितच सापडतात. नावे गेली, पण त्या माणसांची विद्या दगडात शिल्लक राहिली. ही विद्या बहुतेकांना पुस्तकातून मिळालेली नव्हती. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ज्या रीतीने ती गेली त्या रीतीला मराठीत उमेदवारी असे नाव आहे. केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावांत दहावी-बारावी झालेल्या मुलांपुढे आज पोटापाण्याचा जो प्रश्न उभा आहे, त्या दृष्टीने बांधकामातील या उमेदवारीचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

उमेदवारी शब्दाचा अर्थ

हल्ली उमेदवार हा शब्द निवडणुकीच्या वेळी जास्त कानावर पडतो. मूळ शब्द फारशीतील ‘उमेद’ म्हणजे आशा यावरून आला. पूर्वी कचेरीत कायम जागा मिळेल या आशेवर कित्येक होतकरू तरुण बिनपगारी काम करीत. दप्तर बांधणे, नकला करणे, बारनिशीत नोंदी घेणे अशी कामे करता करता ते तयार होत. त्यांना उमेदवार म्हणत. कारागिरीच्या धंद्यातही हीच चाल होती. मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली राहावयाचा, पाणी आणावयाचा, चुना कालवावयाचा, आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या हातात करणी यावयाची. सरकारी कागदपत्रांत आज ‘शिकाऊ उमेदवार’ असा जो शब्द आहे तो याच चालीचा आहे.

उमेदवार आणि बिगारी दोघेही वरवर पाहता एकच काम करतात. दोघेही घमेले वाहतात, दोघेही वाळू चाळतात. फरक एवढाच की, बिगारी दहा वर्षे घमेले वाहून अकराव्या वर्षी घमेलेच वाहतो. उमेदवार घमेले वाहताना मिस्त्रीच्या हाताकडे पाहात असतो आणि मिस्त्रीही त्याला पाहू देतो. या पाहण्याला आणि पाहू देण्यालाच शिक्षण म्हणावयाचे.

देवळे कोणी बांधली

बीड जिल्ह्याला दगडी बांधकामाची थोर परंपरा आहे. अंबाजोगाईच्या परिसरातील कोरीव लेणी व यादवकालीन देवळे, बीड शहरातील पाण्याच्या कुंडात उभे असलेले कंकालेश्वराचे मंदिर, धारूरचा किल्ला ही सर्वांच्या पाहण्यातील उदाहरणे होत. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे नाव अंबाजोगाईच्या शिलालेखांत व तेथील देवळाच्या नावात आजही टिकून आहे. परळीच्या वैद्यनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी केला, हे सर्वश्रुत आहे.

ज्याला आपण हेमाडपंती बांधणी म्हणतो तिचे नाव यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यावरून पडले. वास्तविक अशी देवळे हेमाद्रीच्या आधीही बांधली जात होती. या बांधणीत दगडांच्या सांध्यात चुना भरीत नसत. एका दगडाला खाच आणि दुसऱ्याला कुसू काढून ते एकमेकांत बसवीत, आणि वरच्या दगडाच्या वजनाने खालचा दगड घट्ट धरला जाई. हे काम नुसत्या अंदाजाने होत नाही. खाच गव्हाएवढी मोठी झाली तरी दगड हलतो. असा हात बसण्यासाठी वर्षानुवर्षे जाणत्याच्या शेजारी बसून छिन्नी चालवावी लागते. त्या देवळांच्या पायथ्याशी कितीतरी मुले दगडाच्या कपच्या वेचता वेचता पाथरवट झाली असली पाहिजेत.

मराठवाड्यातील आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील बीबी का मकबरा ही इमारत सतराव्या शतकात झाली. तिच्या प्रवेशद्वारावर वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्यकार हंसपत राय यांची नावे नोंदलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. बापाच्या हाताखाली मुलगा तयार झाला आणि त्याची विद्या उत्तरेतून दक्षिणेत आली. कारागिराचे नाव इमारतीवर लागल्याचे हे थोडक्या उदाहरणांपैकी एक होय.

संतांच्या चरित्रातील बोध

हातची विद्या आणि गुरू यांचा संबंध आपल्या संतांनी फार सोप्या रीतीने दाखविला आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. तेथे जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी आपले थापटणे मारून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे याची परीक्षा केली, अशी कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव कच्चे ठरले. प्रत्यक्ष पांडुरंगाचा लाडका भक्त कच्चा ठरला, कारण त्याने गुरू केलेला नव्हता. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के झाले. कथेचा अर्थ आध्यात्मिक आहे खरा, परंतु परीक्षेचे साधन मात्र कुंभाराच्या हातातले आहे. मडके बाहेरून दिसते त्यावर भरवसा ठेवू नये, वाजवून पाहावे, हे ज्ञान चाकावर बसलेल्यालाच असते.

दुसरी आठवण दुःखाची आहे. संत चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर मजुरी करीत होते. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये ते कूस कोसळले आणि त्याखाली सापडून चोखोबांचा व इतर मजुरांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या व महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. दर्शनाला जाणारे लाखो वारकरी त्या समाधीवर माथा टेकवितात. चोखोबा भक्त म्हणून थोर होतेच. पण ते बांधकाम मजूर होते आणि भिंत पडून गेले, हेही विसरून चालणार नाही. बांधकामातील चूक कागदावरच्या चुकीसारखी खोडून दुरुस्त होत नाही, ती माणसे घेऊन जाते.

जन्माने मिळणारा धंदा

जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार होते. गवंडी, पाथरवट, बेलदार, वडार हे काम असेल तेथे जाऊन राहात. शिकण्यासाठी कोणाला अर्ज करावा लागत नसे. घरीच शाळा होती. सुताराचे पोर रांगू लागले की रंध्याच्या भुशात खेळे आणि मिसरूड फुटण्याच्या आत तिफण जोडू लागे. या पद्धतीचा मोठा गुण असा की, विद्या कधी तुटली नाही. चुन्याच्या घाणीत चुना किती फेरे मळावयाचा, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा कोणत्या कामाला घालावयाचा, ही माहिती आजोबाकडून नातवाकडे सहज जाई.

दोषही तितकाच मोठा होता. ज्याचा जन्म त्या घरी नाही त्याला दार बंद होते. ज्याचा जन्म त्या घरी झाला त्याला दुसऱ्या धंद्याचे दार बंद होते. आणि बायकांनी डोक्यावर माती-दगड वाहिले तरी त्यांच्या हाती करणी कोणी दिली नाही. म्हणून जुन्या रीतीचे गुणगान करताना तिची कुंपणेही ध्यानात घ्यावयास हवीत.

कायद्यातील उमेदवारी

इतर देशांतही कारागिरी हाताखाली राहूनच शिकविली जात असे. इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ती कलमे १८१४ साली रद्द झाली. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने शाळेतील शिक्षण आणि कारखान्यातील शिक्षण यांची सांगड घातली गेली. आठवड्यातील काही दिवस शाळा व उरलेले दिवस प्रत्यक्ष काम अशी ती पद्धत आहे आणि जगभर तिचा दाखला दिला जातो.

हिंदुस्थानात इंग्रजी अमलाखाली १८५० चा १९ वा अधिनियम झाला. त्यान्वये १० ते १८ वर्षे वयाच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, करार करून धंदा शिकण्यास ठेवता येत असे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने इंग्रजांच्या मुलखातील या व्यवस्था इकडे आल्या नाहीत. पुण्यास १८५४ साली सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम नोकर तयार करण्याकरिता अभियांत्रिकी वर्ग निघाला, तेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. मुंबईस १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा आणि १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या मुलांना अशी दारे उघडत असताना आपल्याकडचा मुलगा मात्र बापाच्या किंवा मिस्त्रीच्या हाताखालीच शिकत होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातून देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आय. टी. आय. उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला व १८५० चा जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्याने उमेदवाराशी लेखी करार, ठरलेली मुदत, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा व प्रमाणपत्र या गोष्टी आणल्या. गवंडी, सुतार, नळ कारागीर, वीजतंत्री, जोडारी हे धंदे त्यात आले. २०१६ साली केंद्राने उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भाग स्वतः उचलणारी योजना काढली, आणि २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५ हजार ते ९ हजार रुपये ठरविले.

कायदा चांगला असला तरी तो मोठ्या आस्थापनांना गाठतो. चार-पाच माणसे घेऊन घरे बांधणाऱ्या गावच्या मिस्त्रीकडे करारही नसतो आणि प्रमाणपत्रही नसते. आपल्या भागातील बहुतेक मुले अशाच मिस्त्रीकडे शिकली. त्यामुळे काम येते, पण कागद नाही, अशी त्यांची स्थिती राहिली.

दुष्काळाने काय दाखविले

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते आता वार्धक्यात आहेत. विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि माणसे दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध अशी कामे गावोगावी निघाली. यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. वि. स. पागे यांचे नाव या योजनेशी कायमचे जोडले गेले आहे.

त्या काळात मराठवाड्यात बांधकाम थोडेथोडके झाले नाही. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला होता. पुढे केज तालुक्यातच धनेगाव येथे मांजरा नदीवर मोठे धरण उभे राहिले. हजारो हात मातीकामाला लागले. दुष्काळी कामांनी माणसे जगविली, हे त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत. परंतु बहुतेकांच्या हातात टिकाव, फावडे आणि पाटीच राहिली. काम संपले, मस्टर बंद झाले, आणि माणूस होता तेथेच परत आला. ज्या थोड्यांनी त्या कामावर पिचिंगचा दगड बसविणे, सूत धरणे, मापे घेणे हे शिकून घेतले, त्यांना दुष्काळ सरल्यावरही काम राहिले. मजुरी आणि विद्या यांत असा फरक आहे.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बिऱ्हाड पाठीवर टाकावयाचे आणि पाडव्यापर्यंत कारखान्याच्या फडात राहावयाचे. कोयता हे कष्टाचे व इमानाचे साधन आहे. त्याला कोणी हलके म्हणू नये. पण कोयता विसाव्या वर्षी जेवढे देतो त्याहून चाळिसाव्या वर्षी काही अधिक देत नाही, आणि तोवर कंबर गेलेली असते. शिवाय आईबापांबरोबर गेलेल्या मुलाची शाळा मध्येच सुटते ती वेगळीच.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले होते. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे क्षणात जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. बीड जिल्ह्यातही धक्के जाणवले.

भूकंपानंतर जाणकारांनी पडलेल्या भिंतींची तपासणी केली तेव्हा जे दिसले ते प्रत्येक गवंड्याने व घरमालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद होत्या. पाहणाऱ्याला त्या किल्ल्यासारख्या भक्कम वाटत. प्रत्यक्षात आतला एक थर आणि बाहेरचा एक थर असे दोन वेगळे थर होते, आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली होती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कोणी घातलेला नव्हता. कोपऱ्यातही दगड एकमेकांत गुंतविलेले नव्हते. वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे. हादरा बसताच भिंतीचे दोन थर फाकले आणि माळवद खाली आले.

याचा दोष गावच्या गवंड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. तो प्रदेश तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते, आणि ज्याला शिकविले नाही तो पुढच्याला काय शिकविणार? परंतु ठराविक अंतरावर एक आरपार दगड, कोपऱ्यात लांब दगड, दारांच्या वरून चारी भिंतींना फिरविलेला काँक्रीटचा पट्टा, या गोष्टींना काही फार मोठा खर्च येत नव्हता. हवी होती ती माहिती, आणि ती हातात उतरलेली हवी होती.

सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर गावांत घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाची योजना राबविली गेली आणि तीत स्थानिक गवंड्यांना भूकंपात टिकणाऱ्या बांधणीचे प्रशिक्षण मिळाले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून काम करू लागल्या. घराची मापे, सिमेंटचे प्रमाण, पट्टा कोठे घालावयाचा या गोष्टी समजून घेऊन त्यांनी आपल्या गावात त्या इतरांना समजाविल्या. पिढ्यान्पिढ्या घमेले वाहिलेल्या स्त्रियांनी बांधकाम तपासून पाहावे, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात नमूद करून ठेवण्यासारखी आहे. फार मोठी किंमत मोजल्यावर उमेदवारीचे दार थोडे अधिक उघडले.

उमेदवारीचे लाभ

वरील इतिहासावरून बांधकाम धंद्यातील उमेदवारीचे लाभ पुढीलप्रमाणे दिसून येतात.

पहिला लाभ असा की, शिकत असतानाच चार पैसे हाती येतात. महाविद्यालयाची फी, वसतिगृहाचा खर्च आणि पदवीनंतर नोकरीची वाट पाहण्याची वर्षे ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्या घरावर कर्जाचा बोजा पडत नाही. सुरुवातीची कमाई थोडी असते, हे खरे. पण गवंड्याची हजेरी बिगाऱ्यापेक्षा नेहमीच चढी राहिली आहे.

दुसरा लाभ, हे काम वयाबरोबर वाढते. बिगारी, उमेदवार, गवंडी, मिस्त्री आणि पुढे स्वतःची कामे घेणारा ठेकेदार अशी ही शिडी आहे. अंगातली ताकद कमी झाली तरी नजर पक्की होत जाते, आणि मिस्त्रीच्या नजरेला मोल असते.

तिसरा लाभ, ही विद्या कोठेही चालते. ओळंबा युसूफ वडगावातही सरळ खाली येतो आणि पुण्या-मुंबईतही. दुष्काळात शेत पिकले नाही तरी घरे, शाळा, देवळे, गोठे, पाण्याच्या टाक्या यांची कामे कोठे ना कोठे चालूच असतात. पावसाळ्यात उघड्यावरील काम मंदावते, त्यावेळी आतील गिलावा, फरशी, नळजोडणी करणाऱ्याचा हात रिकामा राहात नाही.

चौथा लाभ, शाळेत कंटाळवाणे वाटलेले गणित येथे जिवंत होते. तीन, चार आणि पाच फुटांच्या दोऱ्या जुळवून काटकोन काढणारा मुलगा भूमितीचा सिद्धांत हाताने सोडवीत असतो. सिमेंटच्या गोण्या, वाळू, गज यांचा हिशेब ठेवता ठेवता तो अंदाजपत्रक करू लागतो. म्हणून दहावी पूर्ण करूनच या धंद्यात यावे. शिकलेला गवंडी नकाशा वाचतो, न शिकलेल्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो.

पाचवा लाभ गावाचा आहे. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर दोन वर्षांत भिंतीला तडे पडतात. पाणी मिसळलेले सिमेंट अर्ध्या तासाच्या आसपास धरू लागते; सकाळी कालवलेला माल दुपारी पुन्हा पाणी मारून वापरला तर तो वाया गेला म्हणून समजावे. स्लॅबला किमान सात ते दहा दिवस पाणी मारावे लागते. कॉलमच्या रिंगांची टोके आत वळवून घ्यावी लागतात. या गोष्टी एकदा गिलाव्याखाली गेल्या की घरमालकाला दिसत नाहीत. त्या फक्त गवंड्याला ठाऊक असतात. म्हणून घराचे खरे राखण शिकलेल्या गवंड्याकडे असते.

सावधगिरीच्या गोष्टी

लाभ सांगताना अडचणी झाकून ठेवणे बरे नव्हे. काही ठिकाणी शिकविण्याच्या नावाखाली वर्षानुवर्षे पाणी भरून घेतले जाते आणि करणी हाती देत नाहीत. म्हणून पालकांनी मिस्त्रीशी आधीच बोलून मुदत ठरवावी : सहा महिन्यांत विटेचा थर, वर्षात गिलावा, दोन वर्षांत आखणी व गजांचे काम. दुसरे असे की, परांचीवरून पडणे, विजेचा धक्का, खड्ड्याची बाजू ढासळणे हे अपघात या धंद्यात होतात. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट आणि उंचीवर पट्टा यांची लाज बाळगू नये. तिसरे, कोवळ्या मुलांना कामावर पाठवू नये. १४ वर्षांखालील मुलास कामास ठेवणे हा गुन्हा आहे आणि धोक्याच्या धंद्यातील उमेदवारीसाठी वय १८ पूर्ण असावे लागते. शाळा आधी, करणी नंतर.

कागदाचे महत्त्वही ओळखावे. १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात २०११ साली त्यांचे कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मागितला जाई. कित्येकांनी काम केले पण दाखला घेतला नाही आणि लाभास मुकले. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तीदिनीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातील १८ धंद्यांत राजमिस्त्री, सुतार, लोहार व पाथरवट यांचा समावेश करण्यात आला, आणि प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. मिस्त्रीकडे शिकून ज्याचा हात तयार झाला आहे, त्याला कागद मिळविण्याची ही वाट होती. तसेच आय. टी. आय. मध्ये गवंडी, सुतार व नळ कारागीर हे अभ्यासक्रम एक वर्षाचे आणि वीजतंत्रीचा दोन वर्षांचा असतो. संस्थेत शिकून पुढे मिस्त्रीच्या हाताखाली एक-दोन वर्षे काढली तर कागद आणि हात दोन्ही पक्के होतात.

समारोप

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जे जीर्ण झाले त्याला वर काढणे असा आहे. दगड जीर्ण होतो तशी विद्याही जीर्ण होते. चुन्याची घाणी गेली, खाच-कुसवाचे काम जाणणारे थोडे उरले, आणि सिमेंटचे नवे काम ज्यांना नीट शिकविले गेले असे हातही पुरेसे नाहीत. पुढच्या पिढ्या या देवळाची डागडुजी करतील तेव्हा ती करणारे हात गावात असावेत की बाहेरून आणावे लागावेत, हे आज ठरावयाचे आहे.

म्हणून गावातील प्रत्येक जाणत्या मिस्त्रीने निदान एक मुलगा किंवा मुलगी, जातपात न पाहता, हाताखाली घ्यावी. पालकांनी करणीला कमी लेखू नये. लग्नाच्या बाजारात कारकुनाला जो मान देतात तो गवंड्यालाही द्यावा. आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाने हजेरीत दहा-वीस रुपये वाचविण्यापेक्षा शिकलेला हात निवडावा. देवळाचा कळस लांबून दिसतो, पाया कोणाला दिसत नाही. तरी कळस उभा असतो तो पायाच्या बळावर. गावाच्या बाबतीत तो पाया म्हणजे कामावर पहिल्या दिवशी पाण्याची बादली उचलणारा आणि मिस्त्रीच्या हाताकडे लक्ष देऊन पाहणारा उमेदवार होय.